बिनतारखेचा बॅनर

थंडी पडली की मला राग येतो. मुंबईच्या थंडीला थंडी म्हणायचं का, हा वाद आमच्या घरात दरवर्षी होतो. नवरा म्हणतो, पंखा दोनवर आला म्हणजे थंडी. मी म्हणते, ठाकूरद्वारच्या नाक्यावर बोरं आणि सोलाणे आले, दादरच्या फुटपाथवर स्वेटरांचे ढीग लागले, मार्गशीर्षातल्या गुरुवारी ऑफिसातल्या निम्म्या बायका केसांत गजरा आणि पोटात नुसता चहा घेऊन आल्या, की थंडी. हे सगळं मला आवडायचं. वर्षातले हेच दोन महिने मी घामाशिवाय चालायची आणि कुणाशी न भांडता घरी यायची. गेल्या वर्षीपासून मात्र बोरांचा आंबूस वास आला की मला आधी एक लाल टीशर्ट दिसतो, आणि डोकं तापतं.

गेल्या महिन्यात तसंच झालं. दुपारच्या डब्यानंतर मी बोरं खात बसले होते आणि ऑफिसचा मेल आला. यंदाही आपण सगळे कळसूबाई चढणार, यंदाही निधी गोळा करणार, नावं नोंदवा. वर मोठा फोटो होता. एका खडकावर बसलेला माणूस, मान खाली, एका हातात लोकरीचा मोजा, आणि शेजारी खडकाला टेकवून ठेवलेला त्याचा कृत्रिम पाय. खाली लिहिलं होतं : ‘तो थांबला नाही. मग तुम्ही का थांबता?’

तो माणूस माझ्या शेजारच्या टेबलावर बसला होता आणि तोच मेल बघत होता. दिगंबर साटम. अकाउंट्समध्ये आम्ही दोघं इतकी वर्षं शेजारी बसतोय की त्याच्या डब्यात सुकट असेल तर मला झाकण उघडायच्या आधी कळतं. राहायला करी रोडला, चाळीत, तिसऱ्या मजल्यावर. घरी आई, बायको, मुलगी. वडील गिरणीत होते. डावा पाय गुडघ्याखाली नाही. स्कूटर घसरली, मागून टेम्पो आला, एवढंच तो सांगतो आणि मीही एवढंच सांगते.

“वर्षा,” तो म्हणाला, “ह्या फोटोत मी थांबलोय ना गं?”

थांबलाच होता. फोटोतला तो खडक मला पाठ आहे. त्या खडकापासूनच तो मागे फिरला होता, आणि त्या फिरण्याबद्दलच मला ही सगळी थंडी पुन्हा आठवून लिहावीशी वाटली.

गेल्या वर्षी हे सगळं सुरू झालं तेव्हा खरं तर मजा होती. आमचं ऑफिस लोअर परळच्या एका टॉवरमध्ये. एचआरमधली रिया, वयानं माझ्या भाचीएवढी, तिनं सगळ्यांना कॅन्टीनमध्ये बोलावून सांगितलं की पाय गमावलेल्या लोकांना कृत्रिम पाय बसवून देणाऱ्या एका संस्थेसाठी आपण डोंगर चढायचा. प्रत्येकानं ओळखीच्यांकडून देणग्या आणायच्या, महिनाभर सराव करायचा आणि एका रविवारी सगळ्यांनी शिखरावर जायचं. सगळे टाळ्या वाजवत असतानाच साटमनं हात वर केला. पहिलं नाव त्याचं. दुसरं माझं. मला डोंगराशी काही देणंघेणं नव्हतं. माझी चढाई म्हणजे मलबार हिलच्या बागेपर्यंत, तीही भेळेच्या आशेनं. पण साटम जाणार म्हणजे डबा कुणाबरोबर खाणार, म्हणून मीही.

सराव ऑफिसच्या जिन्यात. लिफ्ट असलेल्या इमारतीचा जिना हे एक वेगळंच प्रकरण असतं. तिथं रंगाचा, कोंडलेल्या हवेचा आणि लपून ओढलेल्या सिगारेटींचा वास असतो, आणि दर मजल्यावर त्याच करड्या भिंती. आमची तरुण मंडळी कानात गाणी घालून धावत वर जायची आणि मधल्याच कुठल्या तरी मजल्यावर भिंतीला टेकून पोट धरायची. साटम धावायचा नाही. चांगला पाय वर, दुसरा मागून, चांगला वर, दुसरा मागून. त्याच्या चालीत एक बारीक टक् असा आवाज येतो. त्या आवाजावर माझीही पावलं पडायला लागली आणि मला कधी धाप लागली नाही.

“चढायचं टेन्शन नाय घ्यायचं,” तो म्हणायचा. “माझी बोंब उतरताना होते. उतरताना सगळं वजन तिथंच येतं.”

रविवारी सकाळी आम्ही शिवाजी पार्कला चालायला जायचो. कट्ट्यावर निवृत्त मंडळी मफलर गुंडाळून बसलेली, मैदानात क्रिकेटचे पन्नास सामने एकमेकांत मिसळलेले, लाल मातीचा वास आणि कुठून तरी येणारा गरम चहाचा. त्या सकाळी मला अजून हव्या आहेत. राग आला तरी मी त्या टाकून देणार नाही.

एकदा त्याला वाळूत चालून बघायचं होतं म्हणून आम्ही गिरगाव चौपाटीवर गेलो. वाळूत तो पाय नीट रुतेना की निघेना. साटम कोलमडला आणि बसल्या बसल्या हसायला लागला. तेवढ्यात तीन माणसं धावत आली. एकानं काखेत हात घातला, एकानं दंड ओढला, तिसरा नुसताच ‘सांभाळून, सांभाळून’ करत होता. साटमची उठायची एक पद्धत आहे. आधी कुशीवर वळतो, मग हाताचा रेटा देतो. त्या तिघांनी त्याला वळूच दिलं नाही. त्याला उभं केलं, कपडे झटकले आणि समाधानानं निघून गेले. साटमचा खांदा दोन दिवस दुखत होता. मदतीची घाई झालेली माणसं मी तेव्हापासून लांबून ओळखते. ती विचारत नाहीत. समोरच्याला तोंड आहे, हे त्यांच्या ध्यानातच येत नाही.

देणग्यांची गंमत वेगळीच. रियानं प्रत्येकाला एक लिंक दिली होती आणि ती पुढे पाठवायची होती. मी सगळ्या नातेवाइकांना पाठवली. बहुतेकांनी नमस्काराचे हात पाठवले, एका आत्येभावानं सुविचार पाठवला. साटमनं त्याच्या चाळीच्या ग्रुपवर लिंक टाकली तेव्हा तिथं एकच उत्तर आलं : ‘हे काय आहे?’ ते मंडळाच्या बंड्या चव्हाणचं होतं. बंड्या म्हणजे चाळीच्या गणपतीचा सेक्रेटरी. वर्षातले अकरा महिने तो हाताला काम शोधत असतो. त्याला काम मिळालं. संध्याकाळी तो दोन पोरांना घेऊन खोल्याखोल्यांतून फिरायला लागला. मी एकदा बरोबर होते. पिठाचे हात घेऊन एक बाई दारात आली.

“आता कसली वर्गणी? गणपती तर होऊन गेले.”

“साटमाच्या डोंगराची.”

“वरती काय बांधतोय तो?”

“काय बांधत नाय काकी, चढतोय. पाय नसलेल्यांना पाय देणारेत त्यातून.”

बाईनं आत बघून नवऱ्याला हाक मारली आणि म्हणाली, “अहो, साटमाचा डोंगर हाय. द्या.” लिंक कुणी विचारली नाही. भायखळ्याच्या भाजी मार्केटात गाळा असलेला, याच चाळीत वाढलेला एक गणपत म्हात्रे आहे. त्यानं दिलं तेव्हा फक्त एक अट घातली, फोटो बॅनरवर आला पाहिजे. साटम म्हणाला, कसला बॅनर? बंड्या म्हणाला, म्हणजे काय, वर्गणी घेतली तर बॅनर नको?

आणि बॅनर लागला. करी रोडच्या पुलाखालच्या नाक्यावर, दोन खांबांच्या मध्ये. मधोमध साटम, कुणाच्या तरी लग्नातला, काळा चष्मा लावलेला. मागे बर्फानं भरलेली शिखरं, कारण छापणाऱ्याकडे डोंगर म्हणून तेवढेच होते. ‘करी रोडचा ढाण्या वाघ श्री. दिगंबर साटम यांस कळसूबाई शिखर सर करण्यासाठी हार्दिक शुभेच्छा.’ आणि खाली शुभेच्छुकांच्या रांगा : म्हात्रे, बंड्या, तळमजल्यावरचे परब काका, पिठाचे हात धुऊन केस विंचरलेली ती बाई, अगदी तिचं सहा महिन्यांचं नातवंडही. ज्यानं वर्गणी दिली त्याचं तोंड दिसलंच पाहिजे, हा आमच्या गिरणगावातला रिवाज. सगळं घडायच्या आधीच शुभेच्छा देऊन मोकळं व्हायचं, हाही आमचाच. साटम लाजला होता, पण दोन दिवस घरी जाताना मुद्दाम समोरच्या फुटपाथनं जात होता. तिथून पूर्ण दिसतो म्हणून.

ऑफिसात सगळ्यांत जास्त देणग्या साटमच्या नावावर जमल्या. रियानं त्याच्यासाठी टाळ्या वाजवायला लावल्या. त्याच आठवड्यात जिन्याची चाचणी झाली. साटम वर पोचला तेव्हा आमच्यातले निम्मे अजून खाली होते. त्याला पास म्हणून सांगण्यात आलं.

आणि मग त्याला मीटिंग रूममध्ये बोलावलं. मीही आत घुसले. रिया होती, तिचा साहेब होता, टेबलावर पाण्याच्या बाटल्या होत्या.

“साटम सर,” रिया म्हणाली, “आम्ही खूप विचार केला. वी आर रिअली वरीड अबाउट यू. डोंगरावर शिड्या आहेत, काही झालं तर? आम्हाला तुमची काळजी वाटते.”

“टेस्ट पास झालो ना मी?”

“हो सर. तुम्ही तर आम्हा सगळ्यांसाठी इन्स्पिरेशन आहात.”

“मग?”

मग साहेबांनी सांगितलं की साटमनं चढायचं नाही, पण यायचं. पायथ्याशी झेंडा दाखवून सगळ्यांना रवाना करायचं. तो मान त्याचा. मी म्हटलं, ज्या लोकांना पाय मिळावा म्हणून आपण चढतोय, त्यांना पाय मिळाल्यावर आपण काय सांगणार, खाली उभे राहा आणि झेंडा धरा? रिया म्हणाली, “वर्षा मॅम, प्लीज, पर्सनली घेऊ नका.”

“मग कुणी घ्यायचं?” मी म्हटलं. साहेबांनी बाटलीचं झाकण लावलं आणि मीटिंग संपली.

काळजी. माझ्या आईला काळजी वाटायची. ती दारात उभी राहायची, दहा वेळा विचारायची, डबा घेतलास का, पोचलीस की कळव. पण तिनं मला घरात कोंडून कधी ठेवलं नाही. काळजी असलेला माणूस विचारतो. तुला जमेल ना, कुठं दुखलं तर काय करशील, मी बरोबर येऊ का. या दोघांनी साटमला यातला एकही प्रश्न विचारला नाही. त्याचा पाय कुठं घासतो, किती वेळानं काढावा लागतो, त्याला ठाऊक आहे. त्यांना जाणूनही घ्यायचं नव्हतं. त्यांना वाटत होती ती भीती होती, आणि तीसुद्धा स्वतःसाठी. तिला काळजी म्हणायची सोय भाषेत आहे याचाच मला संताप येतो. आणि ते प्रेरणा का इन्स्पिरेशन. ज्याला बरोबर न्यायचं नसतं त्याला प्रेरणा म्हणतात.

मी माझं नाव काढून घेते म्हणून सांगितलं. साटम जिन्यात म्हणाला, “काढून काय होणार? त्यांचा एक टीशर्ट वाचेल. तू चल. मी पण येतोय.”

“झेंडा दाखवायला?”

“घरी सांगितलं नाय मी,” तो म्हणाला. “नाक्यावर एवढा मोठा फोटो लावलाय. काय सांगू? वाघ खालीच उभा राहणार म्हणून?”

त्यानंतरचे दिवस तो त्या बॅनरखालून जात होता. समोरच्या फुटपाथनं जायचं त्यानं सोडलं. नाक्यावरचे लोक विचारायचे, काय साटम, तयारी? तो म्हणायचा, चालू आहे. आणि खरंच चालू होती. रोज सकाळी तो ऑफिसच्या जिन्यात येतच होता. चांगला पाय वर, दुसरा मागून. मी विचारलं, आता कशाला? तर म्हणाला, सवय झाली.

शनिवारी दुपारी बस निघायची होती. रात्री डोंगराजवळ मुक्काम आणि रविवारी सकाळी चढाई. मी साटमला घ्यायला करी रोडला गेले. चाळीची गॅलरी भरलेली होती. दारात रांगोळी. साटमच्या आईनं निरांजन ओवाळलं, कपाळाला कुंकू लावलं, उंबऱ्याबाहेर नारळ फोडला. साटमनं पाठीवर सॅक घेतलेली, खाली बघत उभा. त्याची मुलगी मोबाइलवर शूटिंग करत होती.

“सांभाळून जा रे झिला,” आई म्हणाली. “पाय दुखलो तर खंय तरी बस. कोणाचा ऐकू नको.”

जिना उतरताना मी साटमकडे बघितलं नाही. मला त्या क्षणी एचआरच्या काचा फोडाव्याशा वाटत होत्या. चाळीतली माणसं ओरडत होती, टाळ्या वाजत होत्या, आणि हा माणूस झेंडा दाखवायला चालला होता.

रविवारी सकाळी पायथ्याशी खरी थंडी होती. तोंडातून वाफ निघत होती. भाताची कापलेली शेतं दवानं ओली, कुणाच्या तरी चुलीचा धूर खाली जमिनीला चिकटून राहिलेला. आम्ही सगळे लाल टीशर्टात. साटमलाही दिलेला होता, त्यानं तो शर्टावरून घातला होता. झेंडा हातात दिला. फोटोग्राफरनं सगळ्यांना त्याच्या मागे उभं केलं, मग कॅमेऱ्यातून बघितलं आणि म्हणाला, “सर, पँट जरा वर घ्याल का? तो पाय दिसला पाहिजे.”

रिया म्हणाली, “हो सर, म्हणजे कॉज लक्षात येईल लोकांच्या.”

साटमनं पँट वर घेतली नाही. झेंडा रियाच्या हातात दिला. “पाय दाखवूचो असलो तर चालवून दाखवतंय,” तो म्हणाला. चिडला की त्याची भाषा आईची होते. आणि वाटेला लागला.

रिया त्याच्या मागे दोन पावलं धावली. “सर, पण तुमचं नाव लिस्टमध्ये नाहीये.”

“डोंगर काय तुमच्या ऑफिसचा आहे?” मी म्हटलं आणि मीही निघाले. वाट दाखवायला आलेला गावातला माणूस तंबाखू मळत बघत होता. तो फक्त म्हणाला, “हळूहळू चाला. डोंगर कुठं जात नाही.”

ती चढण मला आयुष्यभर पुरेल. बाकीचे लाल टीशर्ट आमच्या पुढून निघून गेले. मग शांत झालं. सुकलेल्या गवताचा वास, पायाखाली सरकणारी खडी, मधेच एखाद्या कुडाच्या झापात लिंबू सरबत विकणारी बाई. साटमचा टक् असा आवाज दगडावर वेगळा येत होता, मातीत येतच नव्हता. जिथं धरायला काही नव्हतं तिथं तो थांबून म्हणायचा, “खांदा दे.” मी द्यायची. झालं की सोडायचा. आख्ख्या डोंगरावर त्यानं मला इतकंच मागितलं. मागितल्यावर देणं किती सोपं असतं, हे त्या चौपाटीवरच्या तिघांना कुणी तरी शिकवायला हवं होतं.

लोखंडी शिडी आली. साटम चढला. हातांवर भार घेत, एकेक पायरी, मी खाली उभी राहून ओठ चावत बघत होते. वर जाऊन त्यानं खाली हात हलवला. मला रडायला आलं, म्हणजे रागानंच आलं. शिडीच्या वर थोडं चालून एक सपाट खडक होता. तिथं तो बसला, पाय काढून शेजारी टेकवला, मोजा काढला. कातडी लाल झाली होती, एका जागी सोलली होती. त्यानं तिला वारा लागू दिला. आम्ही चिक्की खाल्ली.

“इथून मागे,” तो म्हणाला.

वर शिखरावरचं देऊळ दिसत होतं. मी म्हटलं, अरे, आलोच की, शिडी झाली, आता किती राहिलं, थोडा बस आणि चल.

“इथून मागे. उतरायचंय अजून.”

“साटम, एवढं आलास. त्यांना दाखवायला तरी चल.”

त्यानं माझ्याकडे बघितलं. “तुला पण फोटो पायजे?”

माझ्या तोंडातली चिक्की तशीच राहिली. त्यानं ते चिडून म्हटलं नव्हतं, त्यामुळे जास्त लागलं. मी पाण्याची बाटली उघडली. त्याला कुणालाच काही दाखवायचं नव्हतं. त्याला डोंगर चढायचा होता आणि जिथं आपल्याला वाटेल तिथून परत यायचं होतं, जसं बाकी सगळी माणसं करतात. वरचं देऊळ माझ्या हट्टाचं होतं, त्याच्या नाही.

तेवढ्यात वरून लाल टीशर्ट उतरू लागले. साटमला बघून त्यांनी टाळ्या वाजवल्या. एकानं शिट्टी मारली, एकानं मोबाइल काढला. साटम मोजा चढवत होता. “टाळ्या कशाला?” त्यानं मला विचारलं. “बसलोय मी.” तोच फोटो.

उतरताना त्याचे हाल झाले. बरेचदा तो आडवा होऊन, कडेकडेनं उतरला. शिडीवर उलटा. पुष्कळदा खांदा मागितला. पायथ्याशी पोचलो तेव्हा बस आमच्यासाठी थांबली होती आणि रियाचे डोळे लाल होते. खरंच घाबरली होती पोरगी. मला तिची दया यायला हवी होती. आली नाही.

संध्याकाळी करी रोडच्या नाक्यावर बॅनरखाली बंड्या हार घेऊन उभा होता, चाळीतली माणसं होती, म्हात्रे गाळा बंद करून भायखळ्याहून आला होता. साटमनं हार गळ्यात घालू दिला नाही. हातात घेतला.

“टोकाला गेलो नाय,” तो म्हणाला. “शिडी चढलो. पाय सोलला, मागे आलो. ऑफिसवाल्यांनी नाव काढलं होतं, ते पण तुम्हाला सांगितलं नव्हतं. आता सांगतो.”

वर तो काळा चष्मा, बर्फाची शिखरं आणि रांगेनं सगळ्यांची तोंडं. खाली तीच तोंडं. मला वाटलं आता कुणी तरी ‘असू दे रे’ म्हणेल आणि मी त्याच्यावर ओरडेन. बंड्यानं मान वर करून बॅनर नीट वाचला. सगळा, वरपासून खालपर्यंत.

“तारीख घातलीच नाय आपण,” तो म्हणाला. “ठेवू मग.”

पोरांनी दोऱ्या सोडल्या, बॅनर खाली घेतला, घडी घातली आणि मंडळाच्या खोलीत माळ्यावर टाकला. परब काका म्हणाले, हार कोमेजेल, फोटोला तरी घाला कुणाच्या. म्हात्रे म्हणाला, गणपतीच्या फोटोला घाला. आणि सगळे जेवायला गेले.

तर गेल्या महिन्यात तो मेल आला. साटम रियाकडे गेला. मी पुन्हा मागे. तो म्हणाला, फोटो काढा. रिया म्हणाली, “पण सर, किती पॉझिटिव्ह रिस्पॉन्स आलाय. आणि यंदाही फ्लॅग ऑफ तुम्हीच करायचाय, आम्ही ठरवलंय.” विचारलं नव्हतं, ठरवलं होतं. वर्षभरात तिथल्या भिंतींचा रंग बदलला, पण या वाक्याचं व्याकरण तेच राहिलं.

साटम जागेवर आला आणि त्यानं त्या मेलला उत्तर लिहिलं. सगळ्यांना जाईल असं. मला वाचून दाखवलं नाही. माझ्या स्क्रीनवर आलं तेव्हाच मी वाचलं. ‘फोटोतला माणूस मी आहे. फोटोत मी थांबलोय आणि तिथूनच मागे आलो. न विचारता लावलेला फोटो काढावा. झेंडा यंदा दुसऱ्या कुणाला द्यावा. मी तुमच्या आदल्या रविवारी जाऊन येतो.’ ऑफिसात त्या दुपारी लोक की-बोर्डही जपून दाबत होते. दुसऱ्या दिवशी फोटो गेला. त्या जागी आता बर्फाची शिखरं आहेत. बॅनरवरच्यासारखीच, छापणाऱ्याकडे असतात ती. माफी कुणी मागितली नाही. माझा राग जायचं काही कारण मला दिसत नाही, आणि तो जावा अशी माझी इच्छाही नाही.

बॅनर पुन्हा लागलाय. घड्या पडल्यात, साटमच्या चष्म्यावरून एक आडवी रेघ गेलीय. माळ्यावर उंदरानं म्हात्रेचं तोंड कुरतडलं होतं, तर त्यानं नवा फोटो आणून चिकटवला. यात तो जरा जाड दिसतो. परब काका यंदाच्या पावसाळ्यात वारले. बंड्यानं विचारलं, त्यांच्या जागी दुसऱ्या कुणाचा लावू का? साटम म्हणाला, “राहू दे. वर्गणी त्यांची होती.”

आज सकाळी मी त्याला घ्यायला गेले. चाळीतली चार माणसं बरोबर येणार आहेत, बंड्याच्या ओळखीची गाडी आहे, टीशर्ट कुणालाच नाहीत. गॅलरीत ऊन यायचं होतं, कुणाच्या तरी घरात बाजरीची भाकरी थापल्याचा आवाज येत होता. आईनं निरांजन ओवाळलं, नारळ फोडला. साटम बूट घालायला आत गेला तेव्हा तिनं ताम्हन खाली ठेवलं आणि माझं मनगट धरलं.

“तू तेका चढ म्हणान सांगू नको,” ती म्हणाली. “आणि उतर म्हणान पण सांगू नको.”

“नाही सांगणार,” मी म्हटलं.